उघडं बॉनेट

किल्ली फिरवली तर गाडीने हूं की चूं केलं नाही. ग्लेनिसने किल्ली काढली, स्कर्टला पुसली, पुन्हा घालून फिरवली. समोरचे दिवेसुद्धा लागले नाहीत. मग ती नुसतीच स्टिअरिंग धरून बसली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं की आपल्याला समोर काय दिसतंय. बॉनेट दिसत होतं. धुऊन पुसून लखलखीत केलेलं, निळं, आणि घट्ट बंद.

"मेले मी," ती गाडीला म्हणाली.

कुराबिल गावात त्या साली संध्याकाळनंतर बॉनेट बंद ठेवणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर अक्कलशून्य. गहू कधी नव्हे इतका पिकला होता आणि त्याच्या मागोमाग उंदीर आले होते. शेकड्यांनी नव्हे, लाखांनी. अंधार पडला की त्यांना ऊब लागायची, आणि दिवसभर धावून आलेल्या इंजिनाइतकी उबदार जागा दुसरी कुठली असणार? शिवाय वायरींवरचं प्लास्टिक त्यांना एवढं गोड का लागायचं देव जाणे. म्हणून दिवस मावळला की सगळी गल्ली आपापल्या गाड्यांची बॉनेटं वर करून ठेवायची. दुरून बघितलं तर सगळ्या गाड्या दात दाखवायला डॉक्टरकडे बसल्यासारख्या वाटायच्या. वारं आणि उजेड आला की उंदीर तिथे घर करत नाही, एवढं साधं गणित. ग्लेनिसने तीन महिन्यांत ते एकदाही चुकवलं नव्हतं.

आणि काल चुकवलं. का, तर गाडी धुतली म्हणून. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर लोकांच्या चादरी उपसून आल्यावर बाईला हौस आली. नेव्हिलला, तिच्या नवऱ्याला, धुतलेली गाडी आवडते. इंजिनावर पाणी जाऊ नये म्हणून बॉनेट खाली केलं, पॉलिश मारलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि स्वतःवरच खूश होऊन ती घरात गेली, ती गेलीच.

आता तिने बॉनेट उचललं. आत, बॅटरीच्या कडेला, कुत्र्याच्या जुन्या गोधडीचा कापूस, पाव गुंडाळायचे कागद आणि तुकडे तुकडे झालेली वायर यांचं एक व्यवस्थित घरटं होतं. त्यातून एक उंदीर डोकं काढून तिच्याकडे असं बघायला लागला, जणू तीच न सांगता आत आली होती. तिने त्याला चप्पल फेकून मारली. चप्पल इंजिनात पडली.

शनिवार होता, सकाळचे आठ वाजले होते. दोनला तिला नव्वद किलोमीटरवरच्या शहरात पोचायचं होतं.

नेव्हिल तिथल्या वृद्धांच्या निवासात होता, त्याला आता चौदा महिने झाले. एकेचाळीस वर्षं त्याने धान्याच्या कोठारांवरची यंत्रं दुरुस्त केली. मग हळूहळू एकेक गोष्ट त्याच्या हातातून निसटत गेली: आधी घराची वाट, मग स्वयंपाकघरातला नळ कुठल्या बाजूला फिरतो ते, मग मुलीचा चेहरा. जानेवारीत बायकोचं नाव गेलं. पण शनिवारी जेवण झालं की तो आपण होऊन बाहेर पार्किंगसमोरच्या बाकावर येऊन बसायचा. त्याला आज शनिवार आहे हे कोण सांगतं, ते तिथल्या नर्सलाही कळलेलं नव्हतं. रस्त्यावरून ग्लेनिसची गाडी आत वळली की इंजिनाचा पट्टा किंचाळायचा. ते ऐकलं की नेव्हिल उठून उभा राहायचा, चालत यायचा, काही न बोलता बॉनेट उघडायचा, तेल बघायची पट्टी ओढून काढायचा, उजेडासमोर धरायचा, खिशातल्या रुमालाने पुसायचा. आणि मग तिच्याकडे वळून खेकसायचा, "ग्लेन, पट्टा बदलून घे म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

ग्लेन. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, उघड्या बॉनेटसमोर तो तिला ओळखायचा. आत खोलीत गेलं की संपलं. गॅरेजवाल्याने तो पट्टा दोनदा बदलून देतो म्हटलं होतं. तिने दोन्ही वेळा हात लावू दिला नव्हता.

तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याकडे उंदरांनी खाल्लेल्या अकरा गाड्या आधीच उभ्या आहेत, वायरिंगचा अख्खा जुडगा मागवायला लागेल, लवकरात लवकर गुरुवार. ती म्हणाली, मला आज जायचंय. तो म्हणाला, अकराही जणांना आजच जायचं होतं. रस्त्यावर मदतीला येणाऱ्या गाडीला फोन लावला, तर तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली की साधारण पाच तास लागतील, आणि तोवर कृपया गाडीतच थांबा. ग्लेनिसने तिला गोड आवाजातच विचारलं की गाडी माझ्याच दारात उभी आहे, तेव्हा मी मध्ये चहा केला तर चालेल का?

मग मुलीचा फोन आला. टॅनिया ब्रिस्बेनला असते, शनिवारी सकाळी न चुकता फोन करते आणि न चुकता शहाणपण शिकवते.

"आई, एक शनिवार नाही गेलीस तर काय बिघडणार आहे?"

"बाबा वाट बघत बसतील."

"बाबांना शनिवार कळतो का तरी?"

"शनिवार नाही कळत. गाडी कळते."

टॅनिया समजुतीच्या सुरात म्हणाली की तू थकलीयेस, आज आराम कर, तुझ्यासाठी म्हणून सांगते. हे 'तुझ्यासाठी म्हणून' ऐकलं की ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिने सांगितलं की मला आरामच आहे, फक्त उंदीर उपसायचेत, आणि फोन ठेवला.

उपसायचे तर होतेच. शनिवार काही गाडी बंद पडली म्हणून थांबत नाही. अंगणात चार बादल्या ठेवलेल्या होत्या, अर्ध्या पाण्याने भरलेल्या, वर आडवी फिरती बाटली आणि बाटलीला शेंगदाण्याचं लोणी. रात्रभरात चारही बादल्या घसरून पडलेल्या उंदरांनी काठोकाठ. त्या तिने मागे नेऊन खड्ड्यात रिकाम्या केल्या, माती लोटली, बादल्या विसळल्या, पुन्हा लोणी लावलं. कपाटातल्या ताटवाट्या धुतलेल्या होत्या, तरी सगळ्या पुन्हा उकळत्या पाण्यातून काढल्या, कारण रात्री त्यांच्यावरून कोण नाचून गेलं ते लेंड्यांवरून दिसतच होतं. चादरी धुतल्या. वाळत घातलेल्या चादरींवर उंदीर चढत होते, तेव्हा त्या काढून पुन्हा धुतल्या. सिंकखालच्या भोकात तारेची घासणी कोंबली. मागच्या शनिवारी कोंबलेली घासणी त्यांनी ओढून बाहेर टाकलेली होती.

गवत कापायचं राहिलं होतं. तिने यंत्राची दोरी ओढली आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. ज्याची कुणाला गरज नव्हती ते मेलं सुरू झालं. तिने एवढ्या रागाने गवत कापलं की निम्मा फुलांचा वाफाही त्यात गेला, आणि तो गेल्यावर ती यंत्र बंद करून तिथेच रडली. फार नाही, एखाद मिनिट. मग नाक पुसून उरलेलं गवत कापलं.

शेजारचा मर्व्हिन कुंपणाशी येऊन उभा होता. जन्मभर मेंढ्या कातरलेला म्हातारा, बायको मागेच गेलेली, कुत्रा आणि तो. त्याने उघड्या बॉनेटकडे बघितलं, इंजिनातल्या चपलेकडे बघितलं.

"बॉनेट बंद राहिलं वाटतं?" तो म्हणाला.

"नाही. उंदीर आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली."

मर्व्हिनने मान डोलावली, जणू हेही झालं असेल. मग विचारलं, नेव्हिलकडे कशी जाणार? ती म्हणाली, नाही जाणार. स्वतःच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला ते आणखीच सहन होईना. तो म्हणाला की माझी पिकअप आहे, तुला चालवता यायची नाही, तिचा क्लच फक्त मला आणि कुत्र्याला कळतो, पण मी सोडतो. ती म्हणाली की पिकअपचा काही उपयोग नाही. का, ते त्याला सांगत बसायची तिला लाज वाटली. मर्व्हिन म्हणाला, उपयोग नसेल तर नसेल, मी एक वाजता निघतोय.

तिने आंघोळ केली, चांगला ब्लाऊज घातला, आल्याच्या बिस्किटांचा डबा घेतला. पिकअपमध्ये चढणार तोच ती परत फिरली. गाडीच्या इंजिनातून तेल बघायची पट्टी ओढून काढली, पावाच्या रिकाम्या पिशवीत तेलासकट गुंडाळली आणि हातपिशवीत ठेवली. मर्व्हिनने विचारलं, हे काय? ती म्हणाली, काही नाही, चल.

नव्वद किलोमीटर कुत्रा मध्ये बसून तिच्या ब्लाऊजवर लाळ गाळत होता. मर्व्हिन साठाच्या वर जाईना. ती मनात वाक्यं जुळवत होती. नेव्हिल, गाडी बिघडलीय. नेव्हिल, मी ग्लेन. चूक माझीच आहे, हवं तर रागव. सगळी वाक्यं तिला शाळेतल्या नाटकातली वाटली.

पोचायला पावणेतीन झाले. नेव्हिल बाकावर होता, केस विंचरलेले, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. पिकअप आत वळली तेव्हा त्याने मान वर केली आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. तो उठला नाही. मर्व्हिन शहाणा, तो गाडीतच बसून राहिला. ग्लेनिस एकटी चालत बाकापाशी गेली. नेव्हिलने तिच्याकडे बघितलं आणि परक्या बाईला द्यावी तशी सरकून जागा करून दिली.

"बसा."

ती बसली.

"कोणाला भेटायला आलात?"

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना. "नवऱ्याला," ती म्हणाली.

"येतील बाहेर. इथे जेवणं फार वेळ चालतात." तो पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. "माझी बायको यायचीय. दोनला येते. आज उशीर झाला तिला."

ग्लेनिसने हातपिशवी उघडली, पावाची पिशवी सोडवली आणि पट्टी त्याच्या पुढे धरली. त्याने ती घेतली. घेताना त्याचा हात बदलला, म्हाताऱ्या माणसाचा हात होता तो कामकऱ्याचा झाला. त्याने पट्टी उजेडासमोर धरली, तेल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. आता म्हणेल, आता ग्लेन म्हणेल, असं तिला वाटत होतं.

"तेल स्वच्छ आहे," तो म्हणाला. "फार दिवस नाही झाले बदलून. कोणाची गाडी?"

"माझी."

"बघतं कोण?"

"मीच बघते. नवऱ्याने शिकवलं."

"चांगलं शिकवलंय." त्याने खिशातून रुमाल काढून पट्टी टोकापर्यंत नीट पुसली. पुसता पुसता थांबला. "उंदरांचे दिवस आहेत. रात्री बॉनेट उघडं ठेवता ना? एका रात्रीत सगळी वायर खाऊन टाकतात, मी बघितलंय."

ग्लेनिस पावाच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली.

"माझ्या बायकोला सांगावं लागत नाही," नेव्हिल म्हणाला. "एकदा सांगितलं की झालं. ती विसरत नाही."

"विसरली असेल एखाद वेळी," ग्लेनिस कशीबशी म्हणाली. "माणूस दमतं."

"ग्लेन?" त्याने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता, पण बाईंचा गैरसमज दूर करायला हवा अशी सभ्य माणसाची अडचण होती चेहऱ्यावर. "नाही हो. तुम्हाला ती माहीत नाही."

नाव आलं होतं. पूर्ण, स्वच्छ, त्याच्या नेहमीच्या आवाजात आलं होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. तिने बिस्किटांचा डबा उघडून मध्ये ठेवला. त्याने आभार मानून एक घेतलं आणि दुसरं बायकोसाठी असू दे म्हणून रुमालाच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं.

रस्त्यावरून एक गाडी आत वळली आणि वळताना तिचा पट्टा किंचाळला. नेव्हिल चटकन उठून उभा राहिला. ग्लेनिसही उठली, कशाला ते तिलाही कळलं नाही. गाडी लाल होती, त्यातून कोणी दुसरीच माणसं उतरली.

दोघं पुन्हा बसली. नेव्हिलने पट्टी मांडीवर आडवी ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि तो रस्त्याकडे बघत राहिला. चार वाजेपर्यंत भेटीची वेळ होती. तीही त्याच्या शेजारी बसून रस्त्याकडे बघत राहिली.