डावा कौल

“हलगी थांबवू नका रं! सुनंच्या अंगात आई आलीया!”

सासूचा तो आवाज तानाबाईला अजून ऐकू येतो. लग्नानंतरची उचगावची पहिलीच जत्रा. हलग्या कडाडल्या, पायाखालची भुई फिरली आणि ती डावीकडं कलंडली. सावरून बघते तर सकाळी चहा पांचट झाला म्हणून बोल लावणारी सासू तिच्या पाया पडत होती. तेव्हापासून दर जत्रेत तिच्यापुढं हलगी वाजते, माणसं कौल मागतात. ती उजवीकडं झुकली तर देवीचा होकार, डावीकडं झुकली तर नकार.

सासू गेली, कौल राहिला. गोठ्यात वैरण टाकताना तानाबाई एकटीच गुणगुणायची:

हलगी घुमती माळाला, भुई फिरती पायाखाली,
सांगू कुणाला गं बाई, देवी माझ्या नावं झाली

गेल्या आठवड्यात तिथंच शेणावरून पाय घसरला, डोकं दगडी गव्हाणीवर आपटलं. आत रक्त साकळलं नाही ना, हे बघायला कोल्हापुरात सीटी स्कॅन झाला. आज नवरा पिराजी आणि लेक क्रांतीसंगं ती रिपोर्टला आली होती.

“मावशी, मार काही नाही,” डॉक्टर आदिती म्हणाल्या. “पण बघता बघता दुसरंच दिसलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी बारीक नळी असते. डावीकडं तिच्यावरच्या हाडाला एवढंसं भोक आहे. पडल्यामुळं नाही, जुनंच. पुष्कळांना त्याचा त्रासच नसतो, मग आम्ही हातही लावत नाही. मोठ्या आवाजानं तुम्हाला गरगरतं का?”

तानाबाईनं पदर बोटाला गुंडाळला.

“छ्या! ठणठणीत हाय ती,” पिराजीच बोलला. “मंगळवारी जत्रंत उभी ऱ्हाईल न्हवं? लेकीचा कौल घ्यायचा हाय. पुण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी आलीया. गेल्या साली बी आलती, पर देवीनं न्हाय म्हटलं. आमची आई लई कडक, हो म्हणायला शिकलीच न्हाय!”

“आबा, औंदा बी डावा पडला तर तिसऱ्यांदा कोण बोलावतंय मला?”

“देवीआईच्या शब्दाम्होरं जायाचं न्हाय, क्रांते.”

तानाबाईला आठवलं, गेल्या साली कौल पडल्यावर लेक घासलेलीच भांडी परत घासत बसली होती.

खरं सांगावं तर गाव थुंकेल. देवी कोपली तर? तानाबाईनं पदर सोडला.

“गरगरतं, डॉक्टरीणबाई. हलगी वाजली की गरगरतं.” मग ती नवऱ्याकडं वळली. “अवं, ती आई न्हवती. एकदाबी न्हवती. मला चक्कर येती, आन् दर बारीला मी डावीकडंच जाती. देवीनं आपल्या पोरीला कवाच न्हाय म्हटलं न्हाय.”