किटलीची शिट्टी

चिऊ हे तिचं घरातलं नाव. पोस्टरवरचं नाव वेगळं, हातभर अक्षरांतलं. तिने आजवर केसांना जितके रंग फासले, तितके रंगाच्या दुकानातही नसतील. लग्नाच्या हॉलमध्ये फुटक्या माइकवर गाणारी ही पोर पुढे स्टेडियम गाजवू लागली, तरी साउंडच्या टेबलाशी तिचा थोरला भाऊच बसायचा. त्या टेबलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, खुद्द तिचीही नाही.

पण गेलं वर्षभर तिला स्वतःचा आवाज सोसवत नव्हता. स्पीकरमधून तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा यायचा. घशाचे डॉक्टर म्हणत, सगळं ठीक आहे. त्यांना काय जातंय म्हणायला! निवृत्ती जाहीर करायला तिने उद्या पत्रकार बोलावले होते. दादाला तेवढं सांगायचं राहिलं होतं, आणि तिथेच जीभ रेटत नव्हती.

तालमीच्या मधल्या सुट्टीत ती हिय्या करून त्याच्याकडे गेली. दादा पेपर वाचत होता. त्याच्या कोपराजवळच्या शेगडीवर किटली शिट्टी फुंकून फुंकून जीव देत होती. ड्रमवाल्याने कानांवर हात ठेवले. दादाने निवांत पान उलटलं.

"दादा, किटली!"

"उकळलं का? आज शिट्टी नाही झाली वाटतं."

चिऊने शेगडी बंद केली आणि टेबलाकडे पाहिलं. तिच्या माइकच्या ट्रेबलचं, आवाजाला धार आणणारं, बटण पार टोकाला गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला हात लावला, ते मध्यावर आणलं आणि माइकपाशी जाऊन एक ओळ गायली. स्पीकरमधून तिचा तोच जुना, मऊ आवाज आला. तिला हसू फुटलं आणि रडूही.

"अगं, काय केलंस? परत बसका लागतोय," दादा कळवळला. "वर्षभर झाकतोय मी. तुझा आवाज चाललाय, हे कुठल्या तोंडाने सांगणार तुला? म्हणून धार वाढवत गेलो."

"आवाज नाही रे, दादा. तुझे कान चाललेत. शिट्टीसारखे टोकदार आवाज ऐकूच येत नाहीत तुला."

दादाने पेपर खाली ठेवला.

"माझे? नक्की माझेच ना?"

"नक्की."

"हुश्श!" दादा खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे पुसले. "केवढा घाबरलो होतो गं मी."