उघडा पंचकोन

"तीन बाजू तर त्रिकोण, चार तर चौकोन. आणि पाच असल्या तर?" भूमितीच्या बाईंनी विचारलं.

"पंचकोन!" अख्खा वर्ग ओरडला.

ओरडले नाहीत ते फक्त नवे सर. मागच्या बाकावर हाताची घडी घालून ते बाईंकडे बघत होते. बाईंना त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. पण कुणी आपल्यावर नजर ठेवून आहे हे कळायला चेहरा दिसावा लागत नाही.

हा तरुण माणूस शाळेत नुकताच रुजू झाला होता. "बाई, तुम्ही कसं शिकवता ते बघायचंय," असं म्हणून गेले काही दिवस तो त्यांच्या तासाला येऊन बसत होता. बाईंनी तोंडभर हसून होकार दिला आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मोकळा तास मिळाला की शिक्षक चहा पितो, फार तर एक डुलकी काढतो. दुसऱ्याचे बहुभुज ऐकायला कोण कशाला येईल?

घाबरण्यासारखं कारण होतं. बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडत चालला होता आणि त्यावर ऑपरेशन नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. शाळेत ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. फळ्यावर त्या हाताच्या सवयीने आकृत्या काढायच्या, मुलांना आवाजावरून ओळखायच्या आणि पेपर घरी नेऊन भिंगाखाली तपासायच्या.

"सांगून टाक ना एकदा," नवरा म्हणायचा.

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसवतील, पुस्तकांवर शिक्के मारायला. आणि तो नवा टपलेलाच आहे. परवा मोठ्या बाईंच्या खोलीतून बाहेर पडला आणि मला बघून एकदम गप्प झाला."

"तुला सगळ्यांचाच संशय. मागे दूधवाल्याचा, आता ह्याचा."

"दूधवाला पाणी घालतोच!"

"घालतो गं. म्हणून काय जगातला प्रत्येक माणूस पाणीच घालत फिरतो?"

बाईंना ते पटलं नव्हतं. आता वर्गातही त्यांचं अर्धं लक्ष मागच्या बाकाकडेच होतं. मग त्यांनी एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं आणि पंचकोन काढायला सांगितलं. खडूचा आवाज पाच वेळा आला. बाई आकृतीकडे बघून म्हणाल्या, "शाब्बास. पंचकोन."

वर्गात चुळबुळ झाली. मग पहिल्या बाकावरून भिंगरीचा आवाज आला. ह्या पोरीला एका जागी बसणं माहीतच नव्हतं, म्हणून हे नाव बाईंनीच ठेवलेलं. "बाई, पण ही आकृती उघडी आहे."

"काय?"

"शेवटची बाजू पहिलीला टेकलीच नाहीये."

बाईंच्या कानशिलांतून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. हा सापळा होता. मुलाला मुद्दाम तशी आकृती काढायला शिकवलं असणार आणि ह्या पोरीला बोलायला. "कुणी सांगितलं तुला असं म्हणायला?" मागच्या बाकाकडे बघतच त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," भिंगरी गोंधळून म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बाजू सरळ हव्यात आणि आकृती बंदिस्त हवी. नाहीतर ती बहुभुजाकृती नाही."

बाई फळ्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. खालच्या कोपऱ्यात चांगली दोन बोटं मावतील एवढी फट होती. त्यांनी ती खडूने जोडली आणि घंटा होईपर्यंत एकही शब्द न अडखळता पुढचं शिकवलं.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी नव्या सरांना दारातच अडवलं.

"मोठ्या बाईंनी पाठवलंय ना तुम्हाला? माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"हो," सर म्हणाले.

बाईंना कानावर हात ठेवणारा माणूस अपेक्षित होता. त्याच्यासाठी जमवलेले शब्द तोंडातच राहिले. आपला संशय खरा ठरला की फार बरं वाटेल, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. तसं काहीच वाटलं नाही.

"आणि त्या मुलाला काय शिकवून ठेवलं होतंत?"

"काहीच नाही. त्याला तशीच आकृती येते, अर्धवट. बाई, चाचणीत भिंगरीला षटकोनाला तुम्ही भोपळा दिलात. तिचा षटकोन बरोबर होता. घरी जाऊन ती खूप रडली. तिची आई तक्रार घेऊन आली, म्हणून हे सगळं."

"मला कुणी विचारलं का नाही?"

"तुम्हाला सगळे घाबरतात. मोठ्या बाईसुद्धा."

"काय सांगितलंत त्यांना?"

"अजून काही नाही. आज विचारणार आहेत."

बाईंनी पदराने हात पुसले. "तुम्ही नका जाऊ. मीच जाते."

मोठ्या बाईंच्या खोलीत त्या फार वेळ नव्हत्या. त्यांनी डोळ्यांचं सगळं सांगितलं. मोठ्या बाई टेबलावरची पेन्सिल उगाच इकडची तिकडे करत ऐकत राहिल्या. "आधी बोलला असतात तर..." एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यापासून वर्ग नव्या सरांकडे जाणार हे ठरलं. ग्रंथालयाचाही विषय निघाला. बाई "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात गेल्या, पण खडू हातात घेतला नाही.

"भिंगरी, उभी राहा. तुझा षटकोन बरोबर होता. मला तो दिसला नाही. माझे डोळे बिघडलेत. गुण तुझे तुला मिळतील."

भिंगरीने विचारलं, "मग बाई, आम्ही तरी दिसतो का तुम्हाला?"

"समोरचे नाही. कडेचे थोडे थोडे दिसतात."

बाक सरकल्याचा आवाज झाला. भिंगरी उठून खिडकीच्या भिंतीला जाऊन उभी राहिली. "आता?"

तिच्यामागून दुसरी उठली. मग मुलगे उठले, ढकलाढकली झाली, आणि मधले बाक रिकामे करून निम्मा वर्ग खिडकीशी नि निम्मा दाराशी जाऊन दाटीवाटीने उभा राहिला. नवे सर मागून काही बोलायला निघाले होते, ते तसेच थांबले.

बाई समोरच्या रिकाम्या बाकांकडे बघत होत्या. दोन्ही बाजूंना गणवेशांची गर्दी हलत होती. खिडकीपाशी भिंगरीच्या दोन वेण्या होत्या. ती पोरगी हसत होती की वेडावून दाखवत होती, ते त्यांना काही केल्या कळेना.

हसतेच आहे असं धरून बाई तिच्या दिशेने हसल्या.