शेवटी बोलावलेल्या बाई

“आता कोण राहिलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“गणिताच्या बाई तेवढ्या,” शिपाईमामा कपबश्या गोळा करत म्हणाले. “सकाळपासून बाकावर बसून आहेत. चहा मात्र संपला.”

“चालेल. तिचं काही नसतं.”

वर्ष संपलं की मुख्याध्यापकांनी एकेका शिक्षकाला बोलावून काय जमलं, काय फसलं हे मोकळेपणी बोलावं, असा वरून हुकूम होता. मोठ्या बाई तो मनापासून पाळत. आज सकाळपासून त्या नुसतं ऐकत होत्या. भाषेच्या सरांना वरचा वर्ग नको होता, कारण तो तिसऱ्या मजल्यावर भरे. चित्रकलेच्या बाईंना कुठलाच वर्ग नको होता. विज्ञानाच्या सरांनी तर तक्रारींचा पाढा असा वाचला, की मोठ्या बाईंचा मध्येच डोळा लागला. जास्त कुरकुरणाऱ्याला आधी बोलवायचं आणि गोंजारून मार्गी लावायचं, ही त्यांची रीत. त्या रीतीने गणिताच्या बाईंची पाळी दर वर्षी शेवटी यायची, आणि चटकन आटपायची.

गणिताच्या बाई आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“ये गं. फार दमले बघ. तुझं सगळं ठीक ना?”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. मोठ्या बाईंना आधी वाटलं, आपल्या चष्म्याचाच काही घोटाळा असेल.

“पुढच्या वर्षी मी नाही, मोठ्या बाई.” आवाज कुठला, नुसता वारा येत होता. “डॉक्टरांनी सांगितलंय, आता वर्गात शिकवायचं नाही. कधीच.”

“अगं, घसा बसलाय तुझा. सुट्टीत आराम केलास की...”

“आरामाने आवाज नाही यायचा. विचारलं मी.”

शाळेत कोणी रजेवर गेलं, की त्याचा वर्ग गणिताच्या बाईंच्या गळ्यात पडे. का, तर त्यांच्यापुढे पोरं चिडीचूप बसत आणि त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. यंदा सहामाही परीक्षेनंतर त्यांचा आवाज घोगरा झाला, तो मोठ्या बाईंच्या लक्षात आला नव्हता असं नाही. चांगला आला होता. मग त्यांनी काय केलं? कमरेला बांधायचा छोटा लाउडस्पीकर आणून दिला, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून. तास एकही कमी केला नाही. उलट आता दोन वर्ग एकत्र बसवता येतील, म्हणून मनातून खूश झाल्या. खूश!

“मला आधी का नाही बोललीस?”

“मागच्या वर्षी बोलले होते, इतके तास झेपत नाहीत म्हणून. इथेच बसून. तुम्ही म्हणालात, तुझ्याशिवाय माझं कसं होणार.”

“खोटं नव्हतं गं ते!” मोठ्या बाई जवळजवळ ओरडल्या. “हे बघ, तुला उपमुख्याध्यापिका करते. शिकवू नकोस. नुसतं वेळापत्रक बघ, पालकांना भेट...”

“पालकांशी बोलू कशाने?”

“मग ऑफिसात बस. काहीही कर, पण जाऊ नकोस. शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे मी कोणाला उभं करू?”

बोलता बोलताच आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू आलं. समोर एका बाईचा आवाज गेलाय आणि आपल्याला निकालाची पडलीय. त्यांना स्वतःची किळस आली.

“घरी... मुलीला सांगितलंस?”

“लहान आहे अजून. तिला वाटतं आई गुपित सांगतेय.” गणिताच्या बाई किंचित हसल्या. “तीही आता माझ्या कानातच बोलते.”

मोठ्या बाईंनी तोंडावर हात घेतला आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या. पाणी गणिताच्या बाईंनीच ओतून दिलं. पाठीवरून हातही त्यांनीच फिरवला. “मी तुझं वाटोळं केलं गं,” मोठ्या बाई म्हणत राहिल्या. गणिताच्या बाईंनी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

दारातून शिपाईमामांनी हळूच सांगितलं, “सगळे खोळंबलेत, बाई.”

शिक्षकांच्या खोलीत शेवटची सभा होती. तोंड धुऊन मोठ्या बाई उभ्या राहिल्या. तयार केलेलं भाषण त्यांनी केलंच नाही. “यंदा मी फार मोठी चूक केली,” त्या म्हणाल्या. “ज्याची तक्रार नाही त्याला त्रासच नाही, असं धरून चालले. त्याची भरपाई माझ्या हातात नाही. त्या चुकीची किंमत तुमच्यातल्या एकीने मोजलीय.” पुढचे शब्द त्यांना सुचेनात. खोलीत कोणी हललं नाही. ही शांतता त्यांना असह्य झाली, कशीतरी एकदाची सभा संपवावी असं झालं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्या म्हणून गेल्या, “आता सर्वांचे आभार मानतील आपल्या गणिताच्या बाई.”

हात त्यांच्या खुर्चीच्या दिशेने उचललासुद्धा गेला होता.

विज्ञानाच्या सरांनी खाली पाहिलं. मोठ्या बाई तशाच उभ्या राहिल्या, हात मागे घ्यायचंही त्यांना भान उरलं नाही.

गणिताच्या बाई उठल्या. नेहमीसारख्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या खुर्चीवरच्या भाषेच्या सरांकडे पाहून त्यांनी मान लववली. मग शेजारच्या बाईंकडे पाहून. एकेकापाशी थांबत, घाई न करता, त्या ओळीने पुढे गेल्या. दारातल्या शिपाईमामांनाही त्यांनी वगळलं नाही. मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या आणि त्यांच्यापुढेही तितकीच मान लववली.