खालचं न्हाणीघर

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी बायकोचे गुडघे गेले. न्हाणीघर माडीवर, म्हणून खाली एक बांधायला मी परवानगी मागितली. नगरपालिकेने नियोजनाच्या नियमावर बोट ठेवलं: आधी रस्त्याचं शुल्क भरा.

"न्हाणीघराचा रस्त्याशी काय संबंध?"

"बांधकाम वाढलं की वाहतूक वाढते, आजोबा," कारकून म्हणाला.

घरी सांगितलं, तर बायको उसळली. "मी काय बादलीत बसून बाजारात जाणार आहे? कोर्टात जा."

"भरून टाकतो गं."

"भरलंत तर खाली अंघोळच करणार नाही."

चार वर्षं नुसत्या तारखा पडल्या. ती कठडा धरून जिना चढत राहिली. बारा जूनला कोर्टाने शुल्क बेकायदा ठरवलं. बायको त्याच वर्षी तीन मार्चला वारली.