रोलर कोणाला येतो

जावा-जावा उभा दावा म्हणतात ना, ते आमच्याकडे बघूनच म्हणत असावेत. मी थोरली, ती धाकटी. तिने भाजीत मीठ टाकलं की मी म्हणणार, जास्त झालं. चाखायच्या आधीच म्हणणार.

कामालाही दोघी एकाच लाँड्रीत. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात तिथे. माझ्याकडे या देशात राहायचे कागद आहेत, तिच्याकडे नाहीत. तिच्या व्हिसाची मुदत संपली तेव्हा परत जायला मागे काही उरलंच नव्हतं. मी पॅकिंगला असते आणि ती रोलरवर. ओली चादर त्या तापलेल्या रोलरखाली द्यायची, पलीकडून कोरडी, कडक बाहेर येते. अकरा वर्षं तीच देते.

रोलरच्या तोंडाशी एक पट्टी असते. बोटं तिला लागली की मशीन आपोआप बंद पडतं. पण बंद पडलं की काम खोळंबतं, म्हणून मालकाने ती तारेने वर बांधून टाकली होती. गेल्या महिन्यात धाकटीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मालकाने मलम आणून दिलं आणि वर म्हणाला, "तक्रार केलीस तर इथून पहिली तूच जाशील." घरी आमचे हे आणि भावजी, दोघांचं एकच पालुपद, गप्प बस. माझंही तेच होतं, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी सकाळी कामगार खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. असं कोणी आलं की बिनकागदाच्या सहाही जणींनी मागच्या कोठीत जायचं, हा आमच्याकडचा नियम. धाकटीसकट सगळ्या आत गेल्या. मालकाने मला दंडाला धरून रोलरपाशी उभं केलं. "ही आमची रोलरवाली."

"चालवून दाखवता का?" बाई म्हणाल्या.

आता आली का पंचाईत! मी घड्या घालणारी बाई. पहिली चादर तिरकी गेली. ती सरळ करायला ओढली, तर चादरीबरोबर माझी बाही आत गेली. ओरडायचंही सुचेना. पण चादर तिरकी गेली की रोलर वेगळाच घरघरतो, आणि तो आवाज कोठीत बसलेल्या धाकटीने ओळखला. धावत आली, मागचं लाल बटण दाबलं आणि मला असा हिसडा दिला की बाही फाटली आणि हात वाचला.

"चादर सोडायची असते, ओढायची नसते! किती वेळा सांगितलं!" एवढ्या लोकांत माझ्यावरच खेकसली भवानी.

मालक हसत म्हणाला, "कोणी गिऱ्हाईक दिसतंय."

मी तिला चिमटा काढला. पण ऐकेल तर शपथ.

"गिऱ्हाईक? अकरा वर्षं हे मशीन मी चालवतेय." तिने बांधलेली तार दाखवली, बाही वर करून हात दाखवला. "टीव्हीवर रोज माणसं भांडतात, आम्ही येऊन लोकांची कामं खाल्ली म्हणून. ज्याला हे काम हवं त्याने खुशाल यावं, मी शिकवते. पण आधी ती पट्टी खाली सोडा."

निरीक्षक बाईंनी वही उघडली. "मी कागद विचारायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण मालक दुसऱ्या खात्याला कळवू शकतात. ते मला थांबवता येणार नाही. तुमचं नाव घातलं नाही तर हा भाजलेला हात कोणाचाच नाही. विचार करून सांगा."

तिची लेक शाळेत आहे. उद्या हिला उचलून नेलं तर त्या पोरीला काय सांगायचं?

"लिहा," धाकटी म्हणाली. आणि नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, अगदी सावकाश.

"काम?"

"कारागीर."

खरं सांगते, माझा ऊर भरून आला. ही आमच्या घरातली!

मालक मात्र सोडेना. "बाई, हिचं काय ऐकता? रजिस्टरमध्ये बघा. रोलरवर हीच आहे." बोट माझ्याकडे.

निरीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "रोलर तुम्ही चालवता?"

हो म्हटलं असतं तर माझी नोकरी राहिली असती आणि धाकटी खोटी ठरली असती. मालक माझ्याकडे बघत होता. धाकटी बघत नव्हती. माझ्याकडून चांगला शब्द यायची तिला सवयच नाही.

"मला रोलर येत नाही," मी म्हटलं. "पट्टी बांधली तेव्हा मी इथेच होते, तेही लिहा. ही माझी जाऊ. हिच्यासारखा रोलर इथे कोणालाच येत नाही. बाजूला उभ्या राहा, ती चालवून दाखवेल."