आधी समोरच्याची बाजू

ट्वीडीबाईंच्या इंग्रजीच्या तासाला एक नियम होता आणि त्यानं पोरांच्या नाकी नऊ आणले होते. वाद घालायचा ना? मग आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी की त्यानं मान डोलवून "हो, अगदी हेच" म्हटलं पाहिजे. मगच आपली बाजू.

परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे आज नुसती उजळणी. कथेतला निवेदक कोण, संघर्ष कशाला म्हणतात, दावा म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय.

"रॉस, प्रतिवाद म्हणजे?"

"माझी आई, बाई! मी तोंड उघडलं की ती आलीच आडवी."

वर्ग खदखदून हसला, बाईही हसल्या. डेल्फी तेवढी हसली नाही. तिचा सगळा जीव रविवारात अडकला होता. रविवारी ओमाहाहून मामा येणार आणि आजोबांना वृद्धाश्रमात ठेवायचं का, ते ठरणार. आई म्हणाली होती, "तुझंही ऐकू. पण रडारड नको, नीट बोलायचं."

नीट म्हणजे ट्वीडीबाईंसारखं! दावा पक्का होता: आजोबा घरीच राहणार. पुरावे होते. खंडन तर तिनं घोकूनच ठेवलं होतं. आता फक्त मान डोलवणारं कुणीतरी हवं होतं, आणि घरात मोकळं माणूस एकच.

मागच्या ओसरीवर एमेटआजोबा मटार सोलत बसले होते. आज त्यांचा दिवस चांगला होता, तिला नावानं हाक मारत होते.

"आजोबा, तुम्ही आई व्हा. मी आईची बाजू मांडते. पटलं तर मान डोलवायची, मग माझी पाळी."

"बरं बाई, झालो तुझी आई. बोल."

डेल्फी ताठ उभी राहिली. "बाबा शेगडी चालू ठेवून विसरतात. मार्चच्या थंडीत अनवाणी हायवेवर गेले होते. मी रात्रभर कामावर असते आणि दिवसा त्यांच्या दाराला पाठ लावून झोपते, ते बाहेर पडले तर कळावं म्हणून. बाबा मला जड झालेले नाहीत. पण एक दिवस माझा डोळा लागेल आणि ते मला परत दिसणार नाहीत."

किती छान जमलं होतं! ट्वीडीबाईंनी पाठ थोपटली असती.

आजोबांचा हात शेंगेवरच थांबला. "दाराला पाठ लावून झोपते ती?"

"हो ना. आता मान डोलवा!"

त्यांनी मान डोलवली. मग मटाराची परात खाली ठेवून ते उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. आई भांडी घासत होती.

"लोर्ना, रविवारपर्यंत थांबू नकोस. त्या आश्रमाला फोन कर. मी जातो."

आई ओल्या हातांनीच वळली. मग बापाच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडायला लागली.

डेल्फी धावत आत आली. तिनं आजोबांची बाही धरून ओढली. "अहो, असं नसतं! अर्धंच झालंय! माझी बाजू राहिलीये. सुट्टीत मी दिवसभर तुमच्याजवळ, शेगडीला आपण—"

आजोबांनी हलकेच तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको, बाळा. ते ऐकलं तर माझा पाय निघायचा नाही."